दुकान आणि पगार दोन्ही एकाच घरात: मार्चआधी कर वाचवायला नक्की काय करायचं?

पंप_स्टार्टर, मिरज

नमस्कार. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी सल्ला हवा आहे.

दुकान: इलेक्ट्रिक सामान आणि शेतीपंपाचे सुटे भाग (स्टार्टर, कॅपॅसिटर, बेअरिंग, वाइंडिंग वायर). मालकी एकट्याची, जीएसटी नोंदणी आहे. मार्चअखेर उलाढाल जीएसटी सोडून साधारण ८४ लाख होईल. त्यातले ५८ लाख यूपीआय आणि बँकेतून, २६ लाख रोख. भाडं, दोन पोरांचा पगार, वीज सगळं वजा करून हातात ९ लाखांच्या आसपास उरतात.

पत्नी: खासगी शाळेत शिक्षिका. वर्षाचा पगार १२,९२,००० (त्यात मूळ पगार ७ लाख). तिच्या नावावर अडीच लाखांची मुदत ठेव आहे, तिचं व्याज वर्षाला १८,०००.

विमा एजंट म्हणतो, दोघांच्या नावावर दीड-दीड लाखाची पॉलिसी घ्या, कर वाचेल. दुसरीकडून सल्ला आलाय की कलम ४४एडी मध्ये (छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरायची सोय) ६ टक्के-८ टक्के दाखवा आणि मोकळे व्हा, ९ लाख कशाला दाखवता? दोन्हींतलं खरं काय?

---

खतावणी

आधी एजंटचं. पॉलिसीचे पैसे देण्यापूर्वी एक कागद घ्या आणि पॉलिसीशिवाय कर किती बसतो ते मांडा. बहुतेक ठिकाणी पैसा वाया जातो तो हा हिशोब न मांडल्यामुळे.

८०सी ची दीड लाखाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत विमा हप्ता, पीपीएफ, मुलांची फी, घरकर्जाचं मुद्दल यातलं काहीच वजा होत नाही. आणि तुम्ही वेगळं काही निवडलं नाही, तर तुम्ही नव्याच पद्धतीत असता.

नव्या पद्धतीचे या वर्षीचे टप्पे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए ची ६०,००० पर्यंतची सूट मिळते आणि कर शून्य होतो.

तुमचं दुकानाचं उत्पन्न ९ लाख. टप्प्यांनी कर ३०,००० निघतो आणि सुटीत तो पूर्ण जातो. भरायचे शून्य. दीड लाखाची पॉलिसी घेतली तरी भरायचे शून्यच. वाचवायला कर शिल्लकच नाही, मग ती पॉलिसी वाचवणार काय? घरात आयुर्विमा हवा असेल तर साधा टर्म प्लॅन आणि आरोग्य विमा घ्या, पण तो विमा म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

आता ४४एडी. तुमचा किमान आकडा असा बसतो: यूपीआय-बँकेच्या ५८ लाखांवर ६ टक्के म्हणजे ३,४८,०००, रोखीच्या २६ लाखांवर ८ टक्के म्हणजे २,०८,०००. बेरीज ५,५६,०००. हा किमान आकडा आहे. कायद्यात शब्द स्पष्ट आहेत: इतके टक्के, किंवा प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळवले असतील तर ते. हातात ९ लाख उरत असतील तर ९ लाख दाखवायचे.

आणि तुमच्या बाबतीत कमी दाखवून मिळणार तरी काय? ५,५६,००० वर कर शून्य, ९,००,००० वरही शून्य. मात्र कमी दाखवलं तर उद्या कॅश क्रेडिटची (धंद्यासाठीच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा वाढवायला बँकेत गेल्यावर बँक विवरणपत्रातला आकडा धरणार. जागा घेतली, गाडी घेतली, तर साडेपाच लाखांच्या उत्पन्नात ती कशी बसवली हे सांगत बसावं लागणार. १२ लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराने नफा दाबून ठेवण्यात आता एक रुपयाचाही फायदा उरलेला नाही. जुन्या सवयीने अजून बरेच जण तसं करतात, ते थांबवलं पाहिजे.

---

ताळेबंद

वरच्याशी सहमत. ४४एडी बद्दल काही भर घालतो, कारण गडबड तिथेच होते.

ही सोय एकट्या मालकाला, हिंदू अविभक्त कुटुंबाला आणि साध्या भागीदारीला आहे, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) नाही. कमिशन-दलालीच्या उत्पन्नाला चालत नाही. म्हणजे दुकानात बसून कोणी विमा किंवा सिमकार्डचं कमिशन घेत असेल तर ते उत्पन्न यात ढकलता येत नाही. उलाढालीची मर्यादा २ कोटी. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी.

६ टक्क्यांचा दर फक्त ३१ मार्चपर्यंत बँकेत आलेल्या रकमेला नाही. त्या वर्षाच्या विक्रीची उधारी विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेआधी यूपीआय, चेक किंवा बँकेतून आली तर तिलाही ६ टक्केच लागतात. शेतकरी गिऱ्हाईक उसाचं बिल जमा झाल्यावर पंपाची उधारी देतं. ते पैसे रोख घेतले की ८ टक्के, यूपीआयवर घेतले की ६. पंप_स्टार्टर, तुमचा खरा नफा किमान आकड्याच्या वर असल्याने तुम्हाला याने फरक पडत नाही. पण तांब्याच्या वायरीची ठोक विक्री करणाऱ्याला, जिथे मार्जिनच पाच-सहा टक्के, तिथे हा २ टक्क्यांचा फरक मोठा आहे.

दुसरं, पाच वर्षांची अट. एकदा ४४एडी मध्ये विवरणपत्र भरलं आणि पुढच्या पाच वर्षांत कधी किमान टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्यानंतर पाच वर्षं पुन्हा आत येता येत नाही. शिवाय त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवणं आणि ऑडिट दोन्ही आलं. एखाद्या वर्षी दुकानाला आग लागली, पुराचं पाणी शिरलं, नफा पार बसला, की माणूस घाईत बाहेर पडतो आणि पुढची पाच वर्षं अडकतो. त्या वर्षी आधी दोन्हीकडचा खर्च मांडून बघा.

तिसरं, व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला जुन्या पद्धतीत जायचं असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. परत नव्या पद्धतीत एकदाच येता येतं, त्यानंतर व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचा रस्ता बंद. पगारदाराला दरवर्षी निवड करता येते, दुकानदाराला नाही. एजंटच्या सांगण्यावरून हा फॉर्म भरू नका.

---

जमाखर्च

दुकानाचं निस्तरलं, आता ताईंच्या पगाराकडे बघा. या घरात खरा कर तिथेच बसतोय.

पगार १२,९२,०००. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट ७५,०००. उरले १२,१७,०००. त्यात ठेवीचं व्याज १८,०००. करपात्र उत्पन्न १२,३५,०००.

टप्प्यांनी कर ६५,२५० येतो. पण १२ लाखांच्या थोडं वर गेलेल्यांना सीमांत सवलत आहे: कर हा १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. म्हणून कर ३५,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,४००, एकूण ३६,४००.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. १२ लाख ते साधारण १२,७०,५०० या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया पूर्ण करात जातो, वर उपकर. शाळा फक्त पगार धरून १७,६८० कापेल. म्हणजे उरलेले १८,७२० हे त्या १८,००० च्या व्याजामुळे. ठेवीने दिले त्यापेक्षा ७२० रुपये जास्त करात गेले. हे १८,७२० दहा हजारांच्या वर असल्याने १५ मार्चपर्यंत आगाऊ कर म्हणून भरायला हवेत, नाहीतर व्याज लागतं. किंवा शाळेच्या लेखा विभागाला व्याजाचं उत्पन्न लेखी कळवा, ते पगारातून कापतील.

जुन्या पद्धतीत बरं पडेल का, असा प्रश्न येईलच. सगळं भरभरून धरून बघू: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, स्वतःचा आरोग्य विमा २५,०००, ज्येष्ठ पालकांचा ५०,०००, घरकर्जाचं व्याज २ लाख. एकूण ४,७७,५००. करपात्र ८,३२,५००, कर ७९,०००, उपकरासह ८२,१६०. एवढं सगळं करून नव्यापेक्षा ४५,७६० जास्त. घरभाडं भत्त्याची मोठी सूट नसेल तर जुनी पद्धत विसरा.

मग ३६,४०० वाचवायला काय उरतं? एकच दमदार मार्ग: मालकाकडून, म्हणजे इथे शाळेकडून, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), कलम ८०सीसीडी (२). नव्या पद्धतीत ही वजावट मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत मिळते. ७ लाखांवर ९८,०००. ताईंना फक्त ३५,००० लागतात. शाळेने विशेष भत्त्यातले ३५,००० कमी करून तेवढेच मालकाचा वाटा म्हणून एनपीएस मध्ये भरले, की करपात्र उत्पन्न बरोबर १२,००,००० आणि कर शून्य. ३५,००० निवृत्तीच्या खात्यात, ३६,४०० कर वाचला.

इथे चूक अशी होते की लोक स्वतः ऑनलाइन एनपीएस मध्ये ५०,००० भरतात. ती वजावट ८०सीसीडी (१बी) ची, जुन्या पद्धतीतली. नव्या पद्धतीत तिचा उपयोग शून्य. पैसे मालकाच्या खात्यातून, मालकाचा वाटा म्हणूनच गेले पाहिजेत आणि फॉर्म १६ मध्ये तसं दिसलं पाहिजे. त्यासाठी शाळेची संस्था एनपीएस मध्ये नियोक्ता म्हणून नोंदलेली हवी. नसेल तर मार्चपर्यंत होणं अवघड, पण पुढच्या वर्षासाठी एप्रिलच्या पगारापासून अर्ज आत्ताच देऊन ठेवा. आणि हा पैसा लांब मुदतीसाठी अडकतो, हे धरूनच निर्णय घ्या.

---

पंप_स्टार्टर, मिरज

मनापासून आभार. मग ती अडीच लाखांची ठेव माझ्या नावावर केली तर? माझं उत्पन्न तर ९ लाखच आहे.

---

जमाखर्च

नाही चालणार. पत्नीने पतीला किंवा पतीने पत्नीला मोबदला न घेता दिलेल्या पैशाचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, कलम ६४. ठेव तुमच्या नावावर, व्याज ताईंच्या विवरणपत्रात.

सासू-सासऱ्यांना सुनेने दिलेल्या रकमेला मात्र हा नियम नाही. उलट बाजूने आहे: सासऱ्यांनी सुनेला दिले तर व्याज सासऱ्यांकडे मिळवतात. तुमच्या आईंचं उत्पन्न कमी असेल तर ताईंनी बँकेतून त्यांना रक्कम द्यावी, साध्या कागदावर बक्षीसपत्र करावं, आणि ठेव आईंच्या खात्यातून करावी. नातेवाइकांकडून मिळालेली भेट म्हणून आईंना त्या रकमेवर कर नाही. ज्येष्ठ नागरिकांना बँकेच्या व्याजावर वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा कर) कापत नाहीत. एकच गोष्ट: पैसे दिले म्हणजे ते खरोखर आईंचे झाले, व्याज परत ताईंच्या खात्यात वळतं करायचं नाही. भावंडं असतील तर घरात आधी बोलून घ्या. यंदा साठलेलं व्याज ताईंकडेच राहील, फायदा पुढच्या वर्षी.

कोणाकडे शेअर किंवा इक्विटी फंड असतील तर हेही बघा: एक वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर लागतो आणि त्याला ८७ए ची सूट मिळत नाही, एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं तरी. वर्षानंतर विकले तर नफ्यातले पहिले १,२५,००० मोकळे, पुढे १२.५ टक्के.

---

पत्रा_वेल्डिंग, कुपवाड

याच धाग्यात विचारतो. आमची फॅब्रिकेशनची भागीदारी फर्म आहे, दोघे भागीदार, दोघेही पूर्णवेळ कामावर. उलाढाल २.६ कोटी, रोखीचे व्यवहार बरेच, ऑडिट होतं. यंदा नफा १४ लाख. फर्मला ३० टक्के कर जातो म्हणतात, तो कमी कसा करायचा?

---

ताळेबंद

फर्मला टप्पे नाहीत, ८७ए ची सूट नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. १४ लाखांवर ४,३६,८००.

पण काम करणाऱ्या भागीदारांचं मानधन फर्मला खर्च म्हणून मिळतं, कलम ४०(बी). मर्यादा अशी: पुस्तकी नफ्याच्या (वह्यांतला, मानधन वजा करण्याआधीचा नफा) पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के (किंवा ३ लाख, जे जास्त ते), उरलेल्यावर ६० टक्के. तुमच्यासाठी ५,४०,००० अधिक ८ लाखांचे ६० टक्के ४,८०,०००, एकूण १०,२०,०००. फर्मचा करपात्र नफा उरतो ३,८०,००० आणि कर १,१८,५६०. भागीदारांकडे प्रत्येकी ५,१०,००० येतात. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर तिथे कर शून्य. घरातून जाणारे ३,१८,२४० वाचले. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत साधं व्याजही देता येतं, ते मानधनाच्या आधी वजा करून पुस्तकी नफा काढायचा.

आता अडतं कुठे ते. भागीदारी करारपत्रात मानधन द्यायचं असं लिहिलेलं हवं, आणि रक्कम किंवा ती काढण्याची रीतही. नुसतं «भागीदार परस्पर ठरवतील» एवढंच असेल तर खर्च नामंजूर होतो. करारपत्र आज दुरुस्त केलं तर आजपासूनचंच मानधन चालतं, मागच्या तारखेचं नाही. म्हणून वरचे सगळे आकडे करारपत्रात आधीपासून कलम असेल तरच यंदा लागू होतील.

१ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला मिळणारं मानधन, व्याज, बोनस, कमिशन मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा आहे, कलम १९४टी. भांडवली खात्यात नुसती जमा नोंद केली तरी कापावा लागतो. विसरलात तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर. १०,२०,००० चे ३० टक्के म्हणजे ३,०६,००० पुन्हा फर्मच्या नफ्यात. टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) नसेल तर आधी तो काढा. कापलेला कर भागीदाराला विवरणपत्रात परत मिळतो.

---

खतावणी

पत्रा_वेल्डिंग, तुमच्याकडे अजून दोन ठिकाणी पैसा गळत असणार.

एक, रोख. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले की तो अख्खा खर्च नामंजूर, ४०ए(३). सकाळी ९,५०० आणि संध्याकाळी ९,५०० अशी दोन व्हाउचर केली तरी त्या दिवसाची बेरीज १९,००० धरतात आणि सगळे १९,००० जातात. फर्मला त्यावर ५,९२८ रुपये कर. ट्रकवाल्यासाठी मर्यादा ३५,०००. वेल्डिंग मशीनसारखी वस्तू रोखीने घेतली तर १०,००० च्या वरची ती रोख रक्कम किमतीतच धरत नाहीत, म्हणजे घसाराही नाही.

दोन, पुरवठादारांची थकबाकी, ४३बी(एच). पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीचा उत्पादक किंवा सेवा देणारा असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. गॅल्व्हनायझिंगचं काम १० मार्चला हातात आलं, करार नाही, तर मुदत २५ मार्च. ३१ मार्चलाही बाकी असेल तर तो खर्च यंदा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. काम २० मार्चचं असेल तर मुदत ४ एप्रिल: ३ एप्रिलला दिले तर यंदाच मिळतो, १० एप्रिलला दिले तर नाही. आणि मुदत चुकली तरी ३१ मार्चच्या आत पैसे दिले असतील, तर त्या वर्षाचा खर्च बुडत नाही. नुसत्या व्यापाऱ्याकडून पत्रा घेतला असेल तर हा नियम लागत नाही. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्या पुरवठादारांची यादी काढा, प्रत्येकाचं उद्यम प्रमाणपत्र मागवा, उत्पादक-सेवावाल्यांचे पैसे आधी सोडा.

---

पंप_स्टार्टर, मिरज

शेवटचं. काही गिऱ्हाइकांचं यूपीआय माझ्या बचत खात्यावर येतं, दुकानाच्या चालू खात्यावर नाही. मार्चआधी काही दुरुस्ती?

---

खतावणी

दुकानाचा क्यूआर आजच चालू खात्याचा लावा. बचत खात्यावर आतापर्यंत आलेल्या रकमांचं वर्षाचं विवरण काढा आणि प्रत्येक ओळीसमोर विक्री, घरातली देवघेव, उसने परत असं लिहा. विक्रीच्या ओळी बिलांशी जुळवा. ज्यांचं बिलच फाडलेलं नाही त्या उलाढालीत धरून त्या महिन्याच्या जीएसटीसह मार्चच्या जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) मध्ये भरा. मग तीन आकडे शेजारी मांडा: जीएसटीतली वर्षाची विक्री, दोन्ही खात्यांत आलेली विक्रीची रक्कम अधिक रोख अधिक उधारी, आणि विवरणपत्रात दाखवणार ती उलाढाल. बँकेकडच्या रकमांत जीएसटी असतो, तो वजा करूनच तुलना करा, नाहीतर उगाच फरक दिसतो. आयकर पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) मे-जूनमध्ये उघडून ठेवीचं व्याज, टीडीएस आणि जीएसटी उलाढाल तिथे काय दिसते ते बघा आणि मगच आयटीआर-४ (४४एडी वाल्यांचं विवरणपत्र) भरा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील (८०सी तिथे १२३ आहे), पण २०२५-२६ चं हे विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचं आहे.